चंद्रपूर : कोळशाच्या गावाची अभ्यास सहल



सहलीचा विषय निघाला की आपल्या गटांत शेगाव, शिर्डी, वणीची सप्तशृंगी ही नावं आधी येतात. देवदर्शन होतं, घरचेही चटकन हो म्हणतात. त्यात वाईट काहीच नाही. या वेळचा पाठ मात्र जरा लांबच्या गावाचा आहे. चंद्रपूर. देवी तिथेही आहे, महाकाली. चैत्रात तिच्या जत्रेला मराठवाड्यातून जथेच्या जथे येतात. तेव्हा घरी काय सांगायचं हा प्रश्न सुटला. पण त्याच गावात कोळशाच्या खाणी आहेत, गावाभोवती गोंड राजांचा दगडी परकोट आहे आणि गावाबाहेर पडलं की ताडोब्याचं जंगल.

हा पाठ बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मधे मधे अडवून विचारावं. ऐकताना एक प्रश्न डोक्यात ठेवा. बाहेरून आलेला माणूस गावात रुपया खर्च करतो. तो रुपया कोणाच्या हातात जातो? आणि त्यातलं गावातल्या बाईच्या हातात किती पडतं? सहल करायची ती हे बघायला. फोटो तर निघतीलच.

आपला आणि चंद्रपूरचा संबंध

भुसावळच्या फाटकावर उभं राहून कोळशाच्या मालगाडीचे डबे आपल्यातल्या बहुतेकींनी मोजले आहेत. दीपनगरच्या वीज केंद्राला जो कोळसा लागतो, त्यात विदर्भातल्या खाणींचा कोळसाही असतो. म्हणजे आपली पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटार, पोरांच्या अभ्यासाचा दिवा, या सगळ्याचा एक धागा तिकडच्या जमिनीखाली गेलेला आहे. खुद्द चंद्रपुरातही मोठं वीज केंद्र आहे, २९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सरकारी वीज केंद्रांत सगळ्यात मोठं. त्याला पाणी मिळतं इरई धरणाचं. रेल्वेने जाताना त्याच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात.

दुसरा संबंध उन्हाचा. मे महिन्यात टीव्हीवर तापमानाची यादी लागते, तिच्यात जळगाव-भुसावळ आणि चंद्रपूर ही नावं हमखास जवळजवळ असतात. म्हणून तिकडे जायचं ते दिवाळीनंतर ते माघापर्यंत. उन्हात उन्हाच्या गावाला जाण्यात शहाणपण नाही.

जमिनीखालचं गाव

वर्धेहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेवर आधी वरोरा लागतं. या भागातली जुनी कोळसा खाण इथली. इंग्रज सरकारने १८७० नंतरच्या काळात ती सुरू केली, तिच्यासाठी वर्धेपासून रेल्वे आणली आणि १९०६ मध्ये खाण बंद पडली. पुढे घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूर, माजरी असं करत खाणी वाढत गेल्या. आधी त्या खासगी कंपन्यांच्या होत्या. १९७३ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९७५ पासून त्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. तिचं मुख्य कार्यालय नागपूरला. तिकडचे लोक तिला नुसतं ‘डब्ल्यूसीएल’ म्हणतात. (यवतमाळ जिल्ह्यातही एक वणी आहे, तीही कोळशाची. आपली सप्तशृंगीची वणी वेगळी. तिकीट काढताना घोळ करू नका.)

खाण दोन प्रकारची असते. एक भूमिगत. तिच्यात बोगद्याने खाली उतरतात आणि कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडतात, म्हणजे वरचं छत बसत नाही. दुसरी उघडी खाण. तिच्यात वरची माती-मुरूम-दगड सगळं यंत्राने काढून बाजूला टाकतात आणि मग खालचा कोळसा उचलतात. या टाकलेल्या मातीला तिकडे ‘ओबी’ म्हणतात. घुग्घुस, पद्मापूर भागात सपाट जमिनीवर एकाएकी टेकड्या दिसतात. त्या देवाने केलेल्या नाहीत, डंपरने केलेल्या आहेत.

भूमिगत खाण संपली तरी पोकळी राहतेच. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गडप झालं. घरातले लोक वेळीच बाहेर पडले होते म्हणून वाचले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कितीतरी घरांना मग आपली घरं सोडावी लागली. कोळशाने त्या गावाला पगार दिला, क्वार्टर दिले, दवाखाना दिला, शाळा दिली, हे खरं. कोळशाने तिथली हवा काळी केली, पाण्याची पातळी हलवली, शेती घेतली, हेही तितकंच खरं. तिथल्या बाईला विचारलं तर ती दोन्ही एका दमात सांगेल.

खाणीत बायका होत्या का, हा प्रश्न आपल्या बैठकीत नक्की येणार. होत्या. इंग्रजांच्या काळात देशभरातल्या कोळसा खाणींत नवरा-बायको जोडीने खाली उतरत. तो कोळसा फोडायचा, ती टोपलीने वाहून डब्यात भरायची. १९२९ पासून बायकांना हळूहळू खालच्या कामातून काढायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडले तेव्हा १९४३ मध्ये त्यांना पुन्हा उतरवलं आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा वर काढलं. गरज होती तेव्हा जागा सुरक्षित, गरज संपली की असुरक्षित! १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत काम बायकांना बंदच केलं. २०१९ मध्ये नियम बदलला. त्या बदलाने दिवसाच्या वेळेत, बाईच्या लेखी संमतीने आणि पाळीत किमान तिघी असतील तर तांत्रिक व देखरेखीची कामं बायकांना खाली करता येऊ लागली. मुलींना खाण अभियांत्रिकीला घालायला आता अडचण नाही, एवढं तरी या पाठातून घरी न्या.

चालू खाणीत असंच घुसता येत नाही आणि घुसूही नये. तिथे स्फोट होतात, डंपर चालतात. सगळ्या गटाला खाण बघायचीच असेल तर डब्ल्यूसीएलच्या कार्यालयाला लोकसंचालित साधन केंद्राच्या लेटरहेडवर महिनाभर आधी पत्र द्यावं. नागपूरजवळ सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण पर्यटकांना दाखवायची सोय डब्ल्यूसीएलने पर्यटन विकास महामंडळाबरोबर मिळून केली होती. ती सध्या चालू आहे का, कोणत्या वारी, किती जणींना, हे फोन करून विचारा आणि मगच यादी करा.

राणी हिराईचं गाव

चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने ते वसवलं असं सांगतात. गोष्ट अशी आहे की राजाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीकाठच्या एका झऱ्याचं पाणी अंगाला लागलं आणि त्या बऱ्या झाल्या. त्याच परिसरात त्याला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीने ऐकलं आणि म्हणाली, जिथे ससा कुत्र्यामागे धावतो तिथे गाव वसवा. दंतकथाच ती. पण सल्ला राणीचा होता हे लोकांनी शेकडो वर्षं लक्षात ठेवलंय.

परकोट आजही उभा आहे. चार मोठे दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा. शिवाय लहान दारं आहेत, त्यांना ‘खिडकी’ म्हणतात. दरवाजावर वर मान करून बघा, हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलेला दिसेल. ती चांद्याच्या गोंड राजांची खूण. कोटाच्या भिंतीवर झाडंझुडपं माजली होती, कचरा पडत होता. २०१७ पासून गावातल्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कित्येक महिने रोज श्रमदान करून तो मोकळा केला. पैसा येण्याची वाट न बघता फावडं-घमेलं घेऊन सुरुवात केली, हे आपल्याला नवीन नाही. गावची नालासफाई आपणही अशीच केली आहे.

मला स्वतःला या गावात सगळ्यात मोठी वाटते ती राणी हिराई. तिचा नवरा राजा बीरशहा १७०४ च्या सुमारास मारला गेला. मूल नव्हतं. तिने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला. नवऱ्याची समाधी तिने बांधली, अंचलेश्वर दरवाजाजवळ. महाकालीचं आजचं देऊळही तिनेच बांधवलं. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली समाधी! ताजमहालाची गोष्ट सगळ्या पोरांना पाठ असते, ही गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे? समाधीपाशी पोचलात की पाच मिनिटं खाली बसा आणि ज्या बाईला इतिहास चांगला सांगता येतो तिच्याकडून ही गोष्ट सगळ्यांना ऐकवा. गाईडने सांगितलेलं विसरतं, मैत्रिणीने सांगितलेलं राहतं.

लालपेठला कोळसा खाणीच्या वस्तीजवळ प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर आहेत. कोणीतरी मोठं देऊळ बांधायला काढलं आणि ते अपुरं राहिलं. दहा तोंडांची देवी बघून लहान पोरं घाबरतात, मोठ्या बायका हात जोडतात. तिथे तिकीट नाही, आणि आपण बघत होतो त्या हिशोबाने म्हणायचं तर चहाची टपरी सोडून कोणाची कमाईही नाही. ही नोंद वहीत करा.

चंद्रपुरात दीक्षाभूमीही आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी इथे लोकांना धम्मदीक्षा दिली. दर वर्षी त्या तारखेच्या आसपास गाव भरून जातं. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत, टेकडीत तीन बाजूंना गेलेले लांब बोळ आणि प्रत्येक बोळाच्या टोकाला बुद्धमूर्ती. अजिंठा आपल्या उशाशी असल्याने ही लेणी साधी वाटतील. पण आत अंधारात उभं राहिल्यावर जो थंडावा लागतो, तो अनुभवण्यासारखा.

वरोऱ्याला खाण बंद पडली त्या गावाशेजारी पुढे १९४९ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभं केलं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी शेती, सतरंज्या, हातकामाच्या वस्तू असं सगळं उभं केलं आहे. त्यांचं विक्री केंद्र गटाच्या डोळ्यांनी बघा: वस्तूला किंमतीची चिठ्ठी कशी लावली आहे, मांडणी कशी आहे, पावती कोण देतं.

ताटात काय असतं

आपल्याकडे भरीत-कळण्याची भाकरी, शेवभाजी, बिबड्या. तिकडे जेवणात भात आला, कारण मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडचा सगळा पट्टा धानाचा आणि तलावांचा आहे. वडाभात जरूर खा. वेगवेगळ्या डाळी जाडसर वाटून वडे तळतात, गरम भातावर ते कुस्करतात आणि वरून लसूण-लाल मिरचीची तेलाची फोडणी ओततात. एवढंच. पण दोन घास जास्त जातात. पाटोडी रस्सा आपल्याकडेही होतो, तिकडेही होतो. कोणाचा झणझणीत यावर भांडण न करता दोन्ही वाट्या रिकाम्या कराव्यात. जवसाची चटणी घरोघरी असते. लाखोळीची डाळही त्या भागातली जुनी.

एक गंमत सांगून ठेवते. बाजारात कोणी ‘ताजा सांबार घ्या’ म्हणालं तर इडलीबरोबरचं सांबार शोधू नका. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी म्हणजे मग काय ते कळलंच असेल: कोथिंबिरीचं भरपूर सारण घातलेली तळलेली वडी.

मोहफुलं मात्र आपल्याला ओळखीची. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुड्यात पावरा-भिल्ल बाया चैत्रात पहाटे मोह वेचतात, तिकडे गोंड-माना बाया वेचतात. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. त्याची भाकरीत, लाडवात, गोडात वापरायची पद्धत जुनी आहे आणि आता काही गट मोहाचे लाडू पाकिटात विकतात. हा माल कोण बनवतं, पाकीट कुठून आणतात, किती दिवस टिकतो, हे बनवणाऱ्या बाईलाच विचारा. दुकानदार अर्धंच सांगतो.

दारूचा विषय निघाला म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. ती सरकारला सहज सुचली नव्हती. बायकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली. तिथल्या बायकांत आजही यावर दोन मतं ऐकू येतात: बंदीत चोरून मिळायची आणि महाग मिळायची असं एक, बंदीत निदान घरात मारहाण कमी होती असं दुसरं. तिकडच्या गटाची भेट ठरली तर हा विषय जरूर काढा. दोन्ही बाजू नीट ऐका, आपलं मत तिथे लादू नका.

वाघ बघायचा की वाघाला चुकवायचं

ताडोबा. जंगलातल्या तलावाकाठी तारू नावाच्या आदिवासी देवाचं ठाणं आहे, त्याच्यावरून हे नाव पडलं असं मानतात. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. चंद्रपूरकडून जायचं तर मोहर्लीचा दरवाजा जवळचा. सफारीचं बुकिंग आधी करावं लागतं, नाव दिलं त्याच बाईचं मूळ ओळखपत्र बरोबर लागतं, एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, मुख्य जंगलात मोबाईल नेता येत नाही. मंगळवारी बंद. पावसाळ्यात मुख्य भाग बंद. दर बदलत असतात, म्हणून इथे लिहीत नाही. अधिकृत संकेतस्थळावर बघून सहाने भागा. जिप्सी परवडत नसेल तर बफर भागात आगरझरीचं फुलपाखरू उद्यान वगैरे स्वस्तातलं बघण्यासारखं आहे. वाघ दिसेलच असं नाही. सांबर, चितळ, गवे, मोर दिसतात. नाही वाघ दिसला तर पैसे गेले म्हणून परतीच्या गाडीत कोणी तोंड पाडून बसायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.

मोहर्लीला गाईडचं काम करणाऱ्या बायका भेटतील. जिप्सी चालवायला शिकलेल्याही आहेत. आसपासच्या गावच्या या लेकी-सुना. झाड ओळखतात, पावलाचा ठसा ओळखतात, चितळ ओरडलं तर का ओरडलं ते सांगतात. हे ज्ञान त्यांना सरपणाला जाताना, मोह वेचताना आईकडून मिळालेलं. आधी त्याचे पैसे कोणी देत नव्हतं, आता फेरीमागे मिळतात.

पण नाण्याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय परत येऊ नका. ज्या वाघासाठी मुंबई-पुण्याचे पाहुणे हजारो रुपये मोजतात, तोच वाघ चंद्रपूरच्या बायकांचा जीव घेतो. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाई पहाटे वाकून काम करते, आणि वाकलेलं माणूस वाघाला सावजासारखं दिसतं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच घरावर, एकाच गावावर केवढा घाला. सरकार नुकसानभरपाई देतं. पण तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरा दिवसांचा, त्यात वर्षाचा बाजार भरायचा असतो. भीती वाटते म्हणून घरी बसणं तिला परवडत नाही.

लोहाऱ्याला एक नवी कोळसा खाण होणार होती. ती ताडोब्याच्या वाघांच्या वाटेवर येत होती. गावातल्या लोकांनी उपोषणं केली आणि २००९ च्या अखेरीस केंद्र सरकारने परवानगी नाकारली. एका बाजूला खाणीतल्या नोकऱ्या, दुसऱ्या बाजूला जंगल आणि त्यावरची कमाई. दोन्हीकडे पोट असणारी माणसं होती. बैठकीत दोन तुकड्या पाडा. एकीने खाणीची बाजू मांडायची, दुसरीने जंगलाची, आणि दहा मिनिटांनी बाजू बदलायची. आमच्याकडे अशी चर्चा घेतली तेव्हा शांत बसणाऱ्या बायकाच सगळ्यात जास्त बोलल्या.

पैसे आणि परवानग्या

सहलीचे पैसे बचतीतून काढायचे नाहीत. अंतर्गत कर्जातूनही नाहीत. वेगळी भिशी, वेगळी वही, वेगळी सही. समजा गटात २० जणी आहेत आणि प्रत्येकीने महिन्याला २०० रुपये टाकले, तर १२ महिन्यांत ४८,००० रुपये जमतात, म्हणजे जणी २,४००. आता चार रकाने काढा: तिकीट, मुक्काम, जेवण, तिथली गाडी. चारही रकान्यांची बेरीज जमलेल्या रकमेच्या आत आली तर सफारीचा पाचवा रकाना उघडा. नाही आली तर सफारी ज्यांना हवी त्यांनी वेगळी करावी. सगळ्यांवर एकच खर्च लादला की गरीब मैत्रीण काहीतरी कारण सांगून घरीच राहते, हे आपल्याला माहीत आहे.

जळगाव, भुसावळहून रात्रीची नागपूरकडची गाडी धरायची, वर्धा किंवा सेवाग्रामला उतरून बल्लारशाहकडची गाडी. धुळेकरांनी एसटीने जळगावला येऊन मग रेल्वे. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना मोफत, तेव्हा चंद्रपूरहून जवळपासच्या गावांना जाताना खासगी गाडीआधी एसटीचं वेळापत्रक बघा. मुक्काम महाकाली देवळाच्या परिसरात किंवा आनंदवनाकडे विचारून ठेवा. चैत्रातल्या जत्रेत जागा मिळत नाही.

मूलच्या रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे बायकांना बांबूच्या वस्तू बनवायचं शिकवतात. ज्या गटांना टोपल्या-सुपांच्या पुढे जायचंय त्यांनी अर्धा दिवस यासाठी राखावा आणि आधी फोन करूनच जावं.

बरोबर काय घ्यायचं ते तुम्हाला मी सांगणार नाही. दशम्या, चटणी, पाण्याची बाटली, रक्तदाबाच्या गोळ्या हे आपल्याला पाठ आहे. फक्त एकीकडे रिकामी वही द्या. बसच्या खर्चाची नाही. तिच्यात गावोगावी तीन गोष्टी लिहायच्या: इथे पाहुणा कशासाठी येतो, तो पैसे कोणाला देतो, आणि बाई कुठे दिसली – विकताना, रांधताना, दाखवताना की नुसती झाडताना.

सोनगीरची वही

चंद्रपूर लांब आहे, जमेल तेव्हा जमेल. पण वही आत्ताच उघडता येते. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीर लागतं. कोळसा नाही, पण धातूचंच गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. वर किल्ला आहे. रस्त्यावरून दिवसभर गाड्या धावतात आणि बहुतेक न थांबता पुढे जातात. तांब्याचा हंडा कसा ठोकतात, हे पाहुण्याला बसवून दाखवणारं कोणी आहे का? किल्ला उतरून आलेल्या माणसाला कळण्याची भाकरी आणि ठेचा कुठे मिळतो? भांडी घडवणाऱ्या घरातल्या बाईचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे का?

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीआधी धुळे तालुक्यातल्या दोन गटांनी अर्धा दिवस सोनगीरला जावं आणि या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून आणावीत. चाळीसगावच्या गटांनी तसंच पाटणादेवीला, रावेरच्या गटांनी पालला. येताना वही आणायला विसरू नका. बैठक सुरू झाल्यावर हजेरीनंतर आधी वह्याच वाचायच्या आहेत.